सेनिओचा बांध आणि संगमनेरचा शिपाई

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, जेथे घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस अकोले तालुक्याच्या डोंगरांतच रिता होऊन पुढच्या पठारावर केवळ ढगांची सावली तेवढी टाकतो, तेथे प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर संगमनेर हा जुना कसबा वसला आहे. आणि याच संगमनेर तालुक्यातील निमज या खेड्यात 18 नोव्हेंबर 1921 रोजी नामदेव जाधव यांचा जन्म झाला. अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इतिहासाला किल्ले, सुलतान, संत आणि सहकार यांची वाण कधीच पडली नाही. तथापि एका परक्या नदीच्या बांधावर तेवीस वर्षांच्या वयात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून जो शिपाई परत आपल्या मुलखात आला आणि पुढे एकोणचाळीस वर्षे जगला, त्याची हकीकत या जिल्ह्यात जितक्या आदराने आणि जितक्या तपशिलाने सांगितली जावयास हवी होती तितकी सांगितली गेलेली नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

या भूमीला तलवारीची ओळख नवी नव्हती. निजामशाही शेवटचे आचके देत असता 1633च्या सुमारास शहाजीराजांनी एका बालवारसाला गादीवर बसवून राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, ती याच तालुक्यातील पेमगिरीच्या डोंगरावर; आणि 1679 मध्ये जालन्याच्या स्वारीहून परतणाऱ्या शिवछत्रपतींना मोगली फौजेने याच संगमनेरच्या परिसरात गाठले असता, त्या निकराच्या झुंजीतून निसटून ते ज्या पट्टा किल्ल्यावर विसावले, त्याचे नाव तेव्हापासून विश्रामगड पडले. शिलेदारी आणि बारगिरी हे दख्खनच्या कोरडवाहू गावांचे एके काळचे जोडधंदेच होते. मृगात पेरणी, दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पुढच्या आषाढाच्या आत घरी परत, असे वर्षाचे चक्र ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले, त्या गावांत कंपनी सरकारच्या पलटणीचा भरतीवाला येऊन उभा राहिला तेव्हा त्याला फार बोलावे लागले नाही. बाजरीचे पीक पावसाच्या मर्जीवर होते. सरकारचा पगार तसा नव्हता.

नामदेव जाधव ज्या पलटणीत दाखल झाले, ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होय. 1768 मध्ये मुंबईच्या सिपायांची म्हणून उभी राहिलेली ही पलटण सैन्यात ‘जंगी पलटण’ या नावाने प्रसिद्ध आहे. आणि तिच्या इतिहासात विजयाइतकाच यातनांचाही भाग मोठा आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्यात ही पलटण होती, आणि 29 एप्रिल 1916 रोजी अन्नान्नदशा होऊन त्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली तेव्हा दख्खनमधील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष तुर्कांचे बंदी झाले. त्या युद्धात गावातून किती माणसे गेली आणि त्यांतील किती परतली नाहीत, हे सांगणाऱ्या दगडी पाट्या सरकारने पुढे महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत बसवल्या. जाधव यांच्या पिढीची मुले याच पाट्यांच्या सावलीत वाढली. जर्मनची लढाई हा शब्द त्यांच्या कानी प्रथम पडला तो जात्यावर बसलेल्या आयाबहिणींच्या ओव्यांतून, आणि त्या ओव्यांतील लढाई म्हणजे पराक्रमाचे वर्णन नव्हते, तर दूरदेशी गेलेल्या भावाची किंवा भ्रताराची आठवण होती.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानच्या सैन्यात पंचवीस लाखांच्या आसपास माणसे स्वेच्छेने दाखल झाली, असे इतिहासकार लिहितात. ती संख्या खरी आहे. परंतु ‘स्वेच्छेने’ या शब्दात पोटाची किती गरज दडलेली होती, हे नगर जिल्ह्याच्या माणसाला निराळे सांगावयास नको. युद्धाच्या आरंभी शिपायाला दरमहा सोळा-अठरा रुपये पगार असे, आणि त्यातील ठरावीक हिस्सा घरी परस्पर पाठवण्याची सोय होती. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन वाड्यावस्त्यांवर येई. म्हातारी आई किंवा पदर सावरून पुढे झालेली सून साक्षीदारासमोर अंगठा उठवी. आणि त्या पैशांतून वाण्याची उधारी, बैलाची पेंड, धाकट्या नणंदेच्या लग्नाचा वायदा आणि देवस्थानाचा नवस, असे सगळे हिशेब मनातल्या मनात भागवले जात. मनिऑर्डरीच्या कुपणावर असलेल्या दोन ओळी शाळामास्तरांकडून दोनदोनदा वाचून घेतल्या जात, कारण पैसे आले याचा अर्थ पैसे पाठवणारा जिवंत आहे. शिपायांच्या पत्रव्यवहारावर सरकारी नजर असे, आणि त्या पत्रांवरून लष्करी अधिकारी जे अहवाल तयार करीत, त्यांत शिपायांची जी चिंता वारंवार नोंदलेली दिसते ती शत्रूच्या तोफांविषयीची नव्हे, तर घरची होय : धान्य महागले काय, मनिऑर्डर वेळेवर पोहोचते काय, भाऊबंद शेताचा बांध तर कोरीत नाहीत ना. 1942-43 मध्ये विजापूर आणि लगतच्या दख्खनी मुलखात दुष्काळ पडला, त्याच सुमारास बंगालची उपासमार झाली, आणि वाळवंटातील छावण्यांत बसलेल्या माणसांना पोटभर रसद मिळत असताना घरच्या चुलीची काळजी जाळीत राहिली. कुटुंबवत्सल शिपाई ही जणू काही विसंगत जोडी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे अहवाल अवश्य पाहावेत. बहुतेकांच्या बाबतीत कुटुंब हेच सैन्यात जाण्याचे कारण होते.

याच काळात या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यात, निजामशहांनी बांधलेल्या भुईकोट किल्ल्यात, आणखी एक निराळी कहाणी चालू होती. ऑगस्ट 1942 मध्ये ‘भारत छोडो’चा ठराव होताच सरकारने काँग्रेसच्या कार्यकारिणीला अटक करून अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी बारा माणसे तेथे स्थानबद्ध होती. नेहरूंचा ‘भारताचा शोध’ तेथेच लिहिला गेला, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. कलकत्त्यास आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम दुखण्याने अंथरुणाला खिळल्या असता, आपण अर्ज केल्यास तो सरकारकडे पाठवू, असे किल्ल्याच्या अधिकाऱ्याने सुचवले. परंतु आपल्याला बंदीत टाकणाऱ्या सरकारकडे मौलानांनी याचना केली नाही, आणि 9 एप्रिल 1943 रोजी त्या वारल्या, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. याच 9 एप्रिलला, बरोबर दोन वर्षांनी, संगमनेरचा शिपाई इटलीतील एका नदीच्या पाण्यात उतरणार होता. त्याच्या बारा दिवस आधी, 28 मार्च 1945 रोजी, नेहरूंना नगरच्या किल्ल्यातून हलवण्यात आले होते. एकाच जिल्ह्याच्या भूमीने एकीकडे साम्राज्याचे बंदिवान सांभाळले आणि दुसरीकडे साम्राज्याच्या सैन्याला माणसे दिली. यात कोणाची निष्ठा खरी आणि कोणाची खोटी, असा निवाडा पुढे पुष्कळांनी केला. माझ्या मते तो निवाडा करण्याचा अधिकार दोन्ही घरांच्या उंबऱ्याआतील दुःख न पाहिलेल्या माणसाला नाही.

जंगी पलटण इटलीत लढली ती आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये. 1943च्या शरदात या डिव्हिजनने इटलीच्या टाचेवर पाऊल ठेवले आणि नंतरची दीड वर्षे तिच्या वाट्याला नद्यांमागून नद्या आल्या. त्रिन्यो, सांग्रो, मोरो, कॅसिनोच्या पायथ्याची गारी, आणि उत्तरेकडे आर्नो : एक ओलांडावी तर पलीकडच्या खोऱ्यात जर्मनांनी दुसरी बंदोबस्तात ठेवलेली असावी. या डिव्हिजनच्या इतिहासाला नावच ‘आणखी एक नदी’ अशा अर्थाचे देण्यात आले, ते सार्थ होते.

येथे एका दुसऱ्या मराठी शिपायाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. त्यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921चा, म्हणजे जाधवांच्या आधी केवळ दोन दिवस. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील इतर सर्व माणसे मशीनगनच्या माऱ्यात पडली असता घाडगे एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. हातबॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली, आणि काडतुसांचे दुसरे मॅगझिन चढवण्यास सवड न उरल्याने बंदुकीच्या दस्त्याने उरलेले दोन शत्रू लोळवले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते त्याच ठाण्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांचा देह मात्र मिळाला नाही, आणि त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. दोन दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन मराठ्यांपैकी एकाच्या घरी पदक आले आणि दुसऱ्याच्या घरी पदकासह माणूस आला.

1944-45चा हिवाळा सेनिओ नदीच्या काठी गेला. अपेनाइन पर्वतातून उतरून एड्रिआटिक समुद्राकडे जाणाऱ्या सेनिओसारख्या नद्या सपाट प्रदेशात गाळ टाकीत येतात, पात्र उथळ होऊन पुराचे पाणी शेतांत शिरते, म्हणून तेथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके दोन्ही काठांवर मातीचे बांध घालून ते उंचावत नेले. शेतकऱ्याने पुरापासून पीक वाचवण्यासाठी घातलेले बांधच जर्मन सैन्याने तटबंदी म्हणून वापरले. लुगो गावाच्या परिसरात सेनिओचा प्रवाह जेमतेम पंधरा फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल होता. आपल्याकडील एखादा बरा ओढा म्हणावा इतकाच. परंतु दोन्ही बाजूंचे बांध तीस ते पस्तीस फूट उंच आणि कड्यासारखे उभे होते, त्यांच्या पोटात भुयारे, खंदक आणि मशीनगनची ठाणी खोदलेली होती, आणि पूर्वेकडील बांधाच्या आतल्या अंगाला पाऊलवाटेच्या वर सुरुंगांचा पट्टा पेरलेला होता. अशा बांधाची दुष्टता ही की, तो चढून पलीकडे उतरणाऱ्या माणसाला समोरच्या काठावरून जितका धोका असतो तितकाच तो ज्या बांधावरून उतरला त्याच्याच पोटातून, पाठीमागून असतो.

9 एप्रिल 1945च्या दुपारपासून मित्रराष्ट्रांच्या आठशेहून अधिक जड विमानांनी त्या पट्ट्यावर बॉम्बवर्षाव केला. मागाहून तोफखान्याने बांध भाजून काढले. ज्वाला फेकणाऱ्या गाड्यांनी मातीवरचे गवतसुद्धा जाळले. संध्याकाळी मराठ्यांच्या एका कंपनीने पूर्वेच्या बांधावर हल्ला चढवला, आणि तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेचा बांध घ्यावा असा हुकूम होता. नामदेव जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे कंपनी कमांडरचे निरोप पोहोचवणारे शिपाई. त्यामुळे त्यांची जागा कमांडरच्या लगत, आघाडीच्या सेक्शनच्या पाठोपाठ होती. कमरेछातीइतक्या पाण्यातून ही तुकडी पश्चिमेच्या काठाला लागते न लागते तोच, पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगाला बॉम्बवर्षावातूनही जिवंत राहिलेल्या निदान तीन ठाण्यांनी तिच्या पाठीवर गोळीबार सुरू केला. कंपनी कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे ठार झाले. धडधाकट उरले ते एकटे नामदेव जाधव.

या क्षणी त्यांनी काय केले ते क्रमवार सांगितले पाहिजे, कारण त्या क्रमातच मला त्या माणसाचा स्वभाव दिसतो. त्यांनी प्रथम एका जखमीला उचलले, त्याला घेऊन ते पुन्हा त्या पाण्यात उतरले, ज्या बांधातून गोळ्या येत होत्या तोच उभा बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढीत, त्याला पलीकडच्या सुरक्षित उतारावर नेऊन ठेवले. मागे आणखी एक जखमी होता. ते परत फिरले, दुसऱ्यांदा तोच बांध, तेच पाणी, तेच सुरुंग. आणि दुसऱ्यालाही घेऊन आले. दोन्ही खेपांना मॉर्टर आणि मशीनगन यांचा मारा चालूच होता. भिजलेल्या गणवेशाचे, बुटांचे, शस्त्राचे आणि पाठीवरच्या निश्चल माणसाचे ओझे घेऊन तीस फुटांचा निसरडा उभा चढ चढणे म्हणजे काय, हे ज्याने आमच्या डोंगरांत पावसाळ्यात लाकडाची मोळी घेऊन पाऊलवाट चढली असेल त्याला थोडेफार उमगेल. आणि तरी त्या पाऊलवाटेत कोणी सुरुंग पेरलेले नसतात.

मग तिसऱ्यांदा ते बांध ओलांडून गेले, आणि या खेपेस ते कोणाला आणावयास गेले नव्हते. सर्वांत जवळच्या ठाण्यावर धावून जाऊन त्यांनी ते टॉमीगनने बंद पाडले. हाताला गोळी लागली. बंदूक चालवणे अशक्य झाले. तेव्हा ती फेकून देऊन त्यांनी हातबॉम्ब घेतले आणि दुसरे व तिसरे ठाणे उद्ध्वस्त केले. मधल्या काळात हातबॉम्ब संपले असता सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे मागून घेतले, ही बारीकशी गोष्ट त्यांच्या सन्मानपत्रात नोंदलेली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. कारण बेभान झालेला माणूस दारूगोळ्याचा हिशेब ठेवीत नाही. अखेर तिन्ही तोंडे बंद झाल्यावर ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर ताठ उभे राहिले, मॉर्टरचा मारा चालू असता मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात हलवून उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावले. विश्रामगडाच्या मुलखातील माणसाच्या मुखातून निघालेला तो जयघोष परक्या आकाशाखाली कसा घुमला असेल, या कल्पनेने आजही ऊर भरून येतो. दोन्ही काठ हाती आले, बटालियनला पुढे शिरकाव करता आला, आणि त्या भागातील जर्मन प्रतिकार ढासळला. इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती 2 मे 1945 रोजी अमलात आली.

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधील कोहाटकडचे शिपाई अली हैदर यांनीही फुसिन्यानोजवळ दोन ठाणी घेऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. एका नदीने एका दिवशी दिलेले हे दोन मानकरी पुढे दोन वर्षांत दोन राष्ट्रांचे नागरिक झाले.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रात शत्रूची ठाणी किती घेतली याला साहजिकच प्राधान्य असते, आणि जाधवांच्या पराक्रमाचे मराठीत जे थोडेबहुत वर्णन होते तेही तीन मशीनगनांभोवती फिरते. माझे म्हणणे एवढेच आहे की, पहिल्या दोन खेपा या तिसरीइतक्याच, किंबहुना तिच्याहून कठीण होत्या. तिसऱ्या खेपेत सूडाचा आवेग होता, हाती शस्त्र होते, समोर लक्ष्य होते. पहिल्या दोन खेपांत दोन्ही हात गुंतलेले होते, पाठ शत्रूच्या नेमात होती, आणि वाचवण्याजोगा आपला एकच जीव ते दुसऱ्याच्या जिवासाठी पणाला लावीत होते. घरातले माणूस पडले की आधी त्याला उचलायचे, दोष कोणाचा ते मागाहून पाहायचे, ही जी आपल्या शेतकरी कुटुंबांतील रीत आहे, तीच रीत तेथे पलटणीतील भावांच्या बाबतीत पाळली गेली.

इटलीतील लढाईत हिंदी सैन्याची 5,782 माणसे कामी आली. तेथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 हिंदी सैनिकांना मिळाले. फोर्ली येथे हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी निराळे स्मारक आहे. जे परतले, त्यांना मायदेशी एक निराळाच प्रश्न भेटला. देश स्वतंत्र होत होता. ज्या सरकारसाठी लढलो ते जात होते. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत त्यांना जागा नव्हती आणि जुन्या राज्याचे गोडवे गाण्याची त्यांना इच्छाही नव्हती. सुट्टीवर आलेला फौजी पारावर बसला की पोरे भोवती जमत. पण हळूहळू पोरे मोठी झाली आणि नव्या लढायांच्या, काश्मीरच्या, चीनच्या, खेमकरणच्या गोष्टी ऐकू लागली. अशा बदलत्या काळात नामदेव जाधव हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी म्हणून मिरवत फिरण्याची त्या पिढीतील शिपायांची वृत्ती नव्हती. पदक ट्रंकेत आणि काम हातात, असाच त्यांच्यातील बहुतेकांचा शिरस्ता दिसतो.

नगर जिल्ह्यातील निवृत्त फौजींचे जीवन ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची घडी ठाऊक आहे. पहाटे उठणे, पितळी तांब्या आरशासारखा घासणे, पोरांच्या शाळेची वेळ न चुकवणे, जिल्हा सैनिक बोर्डाचे कागद पत्र्याच्या पेटीत तारीखवार लावून ठेवणे. पेन्शनीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, छातीवर रिबिनी लावून, पोस्टाच्या किंवा ट्रेझरीच्या ओट्यावर रांग लावायची, आणि वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला सहीशिक्क्यानिशी रुजू करायचा. 1972च्या दुष्काळात जेव्हा या जिल्ह्याचे शेतकरी खडी फोडावयास गेले, तेव्हा ज्या घरात एक पेन्शनर होता त्या घरी महिन्याला पाऊस न लागणारे एक पीक येत असे. नातवंडांच्या फिया, लेकीचे बाळंतपण, धाकट्या भावाची विहीर, या सर्वांत त्या पेन्शनीचा वाटा असे. तरुणपणी मनिऑर्डरीने आणि म्हातारपणी पेन्शनीने, अशा दोन टोकांनी या माणसांनी कुटुंबे तोलून धरली.

नामदेव जाधव 2 ऑगस्ट 1984 रोजी निवर्तले. त्यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. त्यांच्याहून दोन दिवसांनी वडील असलेले यशवंत घाडगे मात्र कायमचे बावीस वर्षांचेच राहिले. इटलीतील मोंतोने या गावाने घाडगे यांच्या स्मरणार्थ 2023 मध्ये एक सूर्यघटिका उभारली, आणि सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात अशा आशयाचे वचन तिच्यावर कोरले. ज्यांच्या बापजाद्यांच्या गावांतून आमची माणसे लढत गेली त्यांनी ती आठवण ठेवली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. आपल्याकडे संगमनेरच्या शाळांतील मुलांना पेमगिरीचा किल्ला आणि तेथला विस्तीर्ण वड पाहावयास नेताना, शिक्षकांनी सोबत युरोपचा एक नकाशा घ्यावा, त्यात एड्रिआटिककडे जाणारी सेनिओची बारीक रेघ बोटाने दाखवावी, आणि निमजच्या नामदेव जाधवांची हकीकत सांगताना तीन मशीनगनांच्या आधी त्या दोन जखमी माणसांपासून सुरुवात करावी.